नव्या देशात पतइतिहास नसताना गृहकर्ज मिळते का?
परदेशात येऊन जेमतेम वर्ष झाले आहे आणि तेथे क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा पतगुणांक) नाही, तर गृहकर्ज मिळेल का, असा आपला प्रश्न आहे. मिळू शकते, स्कोअर नसणे आणि स्कोअर वाईट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायदेशातील पतइतिहास सहसा आपोआप सोबत येत नाही, त्यामुळे संगणकीय छाननीत अर्ज अडकण्याचा संभव असतो. म्हणून जिथे अधिकारी स्वतः कागद पाहून निर्णय घेतो अशी बँक शोधावी आणि हे अर्जापूर्वीच विचारून घ्यावे.

अधिकाऱ्याने केलेल्या अशा छाननीत घरभाड्याच्या पुराव्याला मोठे वजन असते. भाडे रोखीने देत असाल, तर ती सवय आजच सोडावी: बँक स्टेटमेंटवर दरमहा ठरलेल्या तारखेला घरमालकाच्या नावे गेलेली रक्कम जे सांगते, ते त्याचे प्रशस्तिपत्र सांगू शकत नाही. सोबत वीज-फोनची बिले, नोकरीचे पत्र, व्हिसाची कागदपत्रे आणि मायदेशातील बँकेचे पत्र जोडावे.

डाउन पेमेंट जास्त भरल्यास बँकेची जोखीम घटते; मात्र ती रक्कम मायदेशातून आणणार असाल, तर काही महिने आधीच खात्यात जमा करावी आणि ती कुठून आली हे दाखवणारे कागद जपावेत, कारण ऐनवेळी आलेल्या मोठ्या रकमेवर हटकून प्रश्न विचारले जातात. व्याजदर कदाचित चढा असेल. मुदतपूर्व फेडीवर दंड नसल्यास, पत तयार झाल्यावर कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवता येते.