राजीनामा देऊ नकोस, निदान या आठवड्यात तरी

आधी एक काम कर, तुझी पोस्ट एडिट कर. गावाचं नाव, इयर ग्रुप, तारीख, ती मुलगी काय म्हणाली ते शब्द, सगळं काढ. सस्पेन्शनच्या पत्रात गोपनीयता पाळा असं एक वाक्य असतंच आणि मराठीत लिहिलंय म्हणजे शाळेला कळणार नाही असं समजू नकोस, ट्रान्सलेटचं बटण आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. वयाने मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणतेय, राग मानू नकोस.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: ही इंग्लंडमधल्या एका सेकंडरी शाळेत चार वर्षं शिकवतेय. शुक्रवारी रात्री एका विद्यार्थिनीने हिच्या पर्सनल इन्स्टाग्रामवर मेसेज केला की मी स्वतःला इजा करतेय. हिने तासभर तिला धीर दिला, 'कुणाला सांगणार नाही' असंही लिहून गेली, आणि सोमवारी सकाळी जाऊन डीएसएलला, म्हणजे शाळेच्या सेफगार्डिंग लीडला सगळं सांगितलं. आता सस्पेंड आहे, पत्रात ग्रॉस मिसकंडक्ट, म्हणजे गंभीर गैरवर्तन, लिहिलंय, आणि हेडने, म्हणजे मुख्याध्यापकांनी, फोनवर सुचवलं की आपणहून गेलात तर रेफरन्सचं काहीतरी बघू. नवरा आणि सासूबाई म्हणतायत अब्रूनिशी बाहेर पड.

मी इथे १८ वर्षं शिकवतेय, त्यातली आठ युनियनची रेप, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून. वकील नाहीये, पण अशा मीटिंगांमध्ये लोकांच्या शेजारी बरेचदा बसलेय.

तर राजीनामा. राजीनाम्याने हे प्रकरण मिटत नाही. 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' नावाचं जे सरकारी गाइडन्स आहे (तेच, जे दर सप्टेंबरला वाचलं म्हणून आपण सही करतो आणि वाचलेलं नसतं) त्याच्या चौथ्या भागात स्पष्ट आहे की माणूस सोडून गेला तरी आरोपाची चौकशी पूर्ण करायची. शिवाय काढून टाकलं किंवा स्वतःहून गेली नसतीस तर काढलंच असतं, अशा दोन्ही प्रसंगी टीआरएकडे (शिक्षकांच्या गैरवर्तनाची प्रकरणं बघणारी सरकारी संस्था) पाठवायचं का याचा विचार शाळेला करावाच लागतो, आणि मुलांना धोका आहे असं वाटलं तर डीबीएसला (मुलांसोबत काम करायला कुणाला बंदी घालायची ते ठरवणारी संस्था) कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे, हेडच्या मर्जीवर नाही. म्हणजे हेड जे 'बघू' म्हणतायत ते त्यांच्या हातातलं नाहीच. माझ्या ओळखीच्या एकाने असाच एका रात्रीत राजीनामा ईमेल केला, त्याला वाटलं सुटलो, सात महिन्यांनी टीआरएचं पत्र आलं आणि तोवर त्याच्याकडे ना पॉलिसीची प्रत, ना ट्रेनिंगची नोंद, ना त्याची बाजू कुठे लिहिलेली, कारण हिअरिंगला तो गेलाच नव्हता. अब्रूचं म्हणशील तर सस्पेन्शन हे गाइडन्सच्या भाषेत आपोआप करायची गोष्ट नाही आणि शिक्षा तर नाहीच, ते सासूबाईंना समजावून सांग, पगार चालू आहे हेही सांग.

आता तुझ्या केसचं. तुला राग येईल पण तू दोन चुका केल्यास. तिच्याशी बोललीस ही चूक नाही, मध्यरात्री पोरगी असं लिहिते तेव्हा फोन उलटा करून झोपणारी बाई मला तरी शिक्षिका म्हणून नको. चूक ही की 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द दिलास, जो आपण कधीच द्यायचा नसतो, हे प्रत्येक ट्रेनिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. आणि दुसरी, शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ. तुला वाटलं शाळा बंद आहे, पण मुलीच्या जिवाला धोका असेल तर वीकेंड नसतो, कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसची ऑफिसच्या वेळेबाहेरची लाईन असते, ९९९ असतो. मेसेज त्यांच्याकडे आहेत. त्यामुळे 'असं झालंच नाही' हा बचाव तुला नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे, कारण आता भांडण फक्त वजनाचं उरतं: ही चूक डिसमिसलइतकी मोठी आहे की फायनल वॉर्निंग आणि पुन्हा ट्रेनिंगइतकी.

म्हणून पहिला प्रश्न लेखी विचार, तुझ्या रेपमार्फत: लाडोशी बोलणं झालं का, कधी झालं, आणि त्यांनी काय म्हटलं. (लाडो म्हणजे लोकल ऑथॉरिटीचा तो अधिकारी, नाव लाडोबासारखं आहे, काम तसं नाही.) मुलाला इजा केली किंवा होऊ शकली असती, मुलाशी संबंधित गुन्हा केला असण्याची शक्यता, मुलांना धोका ठरू शकेल असं वागणं, किंवा मुलांसोबत काम करायला योग्य नाही असं दिसणं, या चारपैकी काही लागू होतं का ते तिथे बघतात. लागू होत नसेल तर ती 'लो लेव्हल कन्सर्न' मध्ये, म्हणजे कमी गंभीर बाबींमध्ये, जाते. तिथेही शाळा शिस्तभंगाची कारवाई करू शकते, पण मग सगळ्याचा सूर बदलतो. तुझ्या पत्रात 'सेफगार्डिंग ब्रीच' इतकंच लिहिलंय म्हणतेस, ते चालणार नाही, कोणत्या पॉलिसीतलं कोणतं कलम, कोणत्या दिवशी, हे हिअरिंगच्या आधी लेखी माग, उत्तराची तयारी करता येईल इतकी माहिती लेखी द्यायची असं एकॅसच्या (नोकरीतले वाद सोडवायला मदत करणारी सरकारी संस्था) कोडमध्येच आहे, पुरावेही सहसा आधी द्यायचे असतात.

डिसिप्लिनरी हिअरिंगला सोबत नेण्याचा हक्क १९९९ च्या कायद्याने आहे, पण युनियनचा माणूस किंवा सहकारी, नवरा नाही. त्याआधीच्या चौकशीच्या मीटिंगला कायद्याने हक्क नाही, तरी बहुतेक शाळांची पॉलिसी परवानगी देते, तेव्हा माग. आणि युनियनमध्ये नसशील तर... आज सभासद होऊन मागच्या महिन्यातल्या घटनेसाठी मदत सहसा मिळत नाही, तेव्हा एम्प्लॉयमेंटच्या वकिलाचे पैसे बाजूला काढ. घराच्या इन्शुरन्समध्ये लीगल कव्हर आहे का तेही बघ, पुष्कळांच्या असतं आणि माहीत नसतं.

फोनमधलं काहीही डिलीट करू नकोस. त्या मुलीला, तिच्या आईला, कुठल्याही मुलाला मेसेज नको, 'कशी आहेस' सुद्धा नको, हे सगळ्यात जड जाईल मला माहितेय. स्टाफरूममधल्या मैत्रिणींकडून बातम्या काढू नकोस. आणि शाळेच्या ईमेलमधून मुलांची नावं असलेल्या गोष्टी स्वतःच्या जीमेलवर पाठवू नकोस, मी एका चांगल्या शिक्षिकेचा मूळ आरोप टिकला नाही पण यामुळे दुसरा आरोप लागलेला बघितलाय. कागद हवेत तर रीतसर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे स्वतःबद्दलची माहिती मागायचा अर्ज, टाक, एक महिन्यात उत्तर द्यायचं असतं, मुलीची माहिती काळी करून देतील ते ठीकच आहे.

त्याऐवजी बसून टाइमलाईन लिही. किती वाजता मेसेज आला, तू काय लिहिलंस, शनिवारी काय केलंस, कुणाला विचारावंसं वाटलं, का नाही विचारलं. अकाउंट पब्लिक होतं का, तिने तुला शोधलं की तू तिला फॉलो करत होतीस (हा प्रश्न शंभर टक्के येणार). शेवटचं सेफगार्डिंग ट्रेनिंग कधी झालं, वीकेंडला कुणाला फोन करायचा हे त्यात सांगितलं होतं का, शाळेच्या पॉलिसीत तो नंबर आहे का. नसेल तर ते शांतपणे मांड, पण बचावाची सुरुवात त्याने करू नकोस.

कारण पॅनेल शोधत असतं ती इनसाइट, म्हणजे आपण काय चुकलो हे या बाईला कळलंय का. सँडवेल कौन्सिलच्या एका हेडटीचरची केस २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. तिने स्वतः कुठल्या मुलाला काही केलं नव्हतं, पण जवळच्या मित्राला मुलांच्या अश्लील चित्रांबद्दल शिक्षा झालीय हे शाळेला सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. डिसमिसल योग्य ठरलं. तुझी गोष्ट वेगळी आहे, तू स्वतः जाऊन सांगितलंस, कुणी पकडलं नाही. तुझ्या बाजूने सगळ्यात भक्कम काही असेल तर ते हे, आणि ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं. पण 'मी तर मदतच केली' या वाक्याने सुरुवात केलीस तर ते वाया जाईल. 'शनिवारी फोन करायला हवा होता, केला नाही, सांगणार नाही असं म्हणायला नको होतं' इथून सुरू कर, मग मदतीचं बोल.

रेकॉर्डबद्दल तू विचारलंस. आरोप खोटा किंवा मुद्दाम रचलेला ठरला तरच फाईलमधून काढतात. 'सिद्ध झालं नाही' असा निकाल असेल तर फाईलमध्ये राहतो पण रेफरन्समध्ये घालायचा नसतो. तुझ्या बाबतीत वॉर्निंग मिळाली तर ती रेफरन्समध्ये येऊ शकते, त्याची तयारी ठेव, वॉर्निंग घेऊनही लोकांना पुढे नोकऱ्या मिळतात.

आणि काढलंच तर अपील कर, पण त्याच वेळी एकॅसला पण कळव. एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलसाठी, म्हणजे नोकरीच्या दाव्यांच्या कोर्टासाठी, तीन महिने उणे एक दिवस अशी मुदत धरून चाल, अपील चालू आहे म्हणून ती थांबत नाही, माझ्यासमोर दोघांची अशी हुकली.

व्हिसाचं तू लिहिलं नाहीस. स्पॉन्सर शाळाच असेल तर नोकरी गेल्यावर होम ऑफिस साधारण ६० दिवस देतं, राजीनाम्यालाही तेच लागू, म्हणजे सही करायच्या आधी हेही घरी मोजून घ्या. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) झालं असेल तर हा परिच्छेद सोडून दे.

मीटिंगची तारीख आली की इथे नको, व्यनि (खाजगी निरोप) कर. तारीख टाळताना 'माझा रेप त्या दिवशी उपलब्ध नाही' इतकंच लिही आणि पाच कामाच्या दिवसांच्या आतली दुसरी तारीख सुचव, तेवढं त्यांना मानावंच लागतं.