स्कॅनरवर (विमानांचं बोलणं ऐकायच्या रेडिओवर) वैमानिक ऐकू येतो, पण विमानतळावरचा कंट्रोलर का येत नाही?
कंट्रोलरचा अँटेना जमिनीवर असतो आणि तुमच्या अँटेनाच्या थेट नजरेत येत नाही, म्हणून. स्कॅनर बिघडलेला नाही. ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. ३५,००० फुटांवरचं विमान ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं, पण ३० मीटर उंचीवरच्या अँटेनाची मजल साधारण २२ किलोमीटर, वर तुमच्या अँटेनाच्या उंचीने पडेल ती भर. तेव्हा अँप्लिफायरवर पैसे घालू नका. जो सिग्नल पोचतच नाही तो वाढणार कुठून? उलट जवळची एफएम स्टेशनं घुसून खरखर वाढते. अँटेना गच्चीवर न्या. तांब्याच्या तारेचे ५७ सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या: एक सरळ वर, कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) गाभ्याला, म्हणजे मधल्या तारेला; दुसरा सरळ खाली, केबलच्या बाहेरच्या जाळीला. आडवा लावलात तर सिग्नल बराच पडतो. मोड एएम, स्क्वेल्च (कमजोर सिग्नल आणि खरखर दाबणारं बटण) पूर्ण उघडा, आणि जवळच्या विमानतळाची एटिस फ्रिक्वेन्सी लावा. हवामान-धावपट्टीची ती ध्वनिफीत जमिनीवरून सतत चालू असते, त्यामुळे अँटेना हलवताना फरक लगेच कळतो. मधे डोंगर किंवा उंच इमारती असतील तर मात्र एवढं करूनही कंट्रोलर मिळेलच असं नाही.