तेलिया रुमाल कसा ओळखायचा? त्यावर नक्षी कोणती असते?

लाल, काळा आणि पांढरा एवढ्याच रंगांतला चौकोनी सुती रुमाल, कडेने रुंद एकरंगी काठ, आत चौकटींत बसवलेली नक्षी: पारंपरिक तेलिया असा दिसतो. मूळ आंध्रातल्या चिराळ्याचा, आता मुख्यतः तेलंगणातल्या पुट्टपाकात विणतात. कोळी तो डोक्याला बांधत. अरब देशांतही डोक्यावर घ्यायला जात असे.

नक्षी छापलेली नसते. उभे आणि आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच जागोजागी बांधून रंगवतात आणि मागावर ते रंग एकमेकांवर जुळवत नेतात. म्हणून आकृत्यांच्या कडा किंचित पसरलेल्या दिसतात, आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते. उलट बाजू फिकी असेल तर ती छपाई, सरळ नाही म्हणा. रंगवण्याआधी सूत तेल आणि एरंडाच्या टरफलांच्या राखेच्या पाण्यात अनेक दिवस मुरवतात. त्याने लाल रंग पक्का बसतो. नव्या रुमालाला तेलाचा वास येतो, तो दोष नव्हे.

जुनी नक्षी भौमितिक. विसाव्या शतकात सिंह, हत्ती, घड्याळं, चक्क विमानंही आली, आणि मला तीच सर्वांत आवडतात. पुट्टपाकाच्या तेलियाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.