वाचक विचारतात: पोराचा हात आणि अमेरिकेतलं बेसबॉल

मागच्या अंकात मी मायनर लीगबद्दल चार ओळी लिहिल्या आणि इंदूरातून एवढे मेसेज आले की ह्या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत बेसबॉलची सगळ्यात मोठी लीग म्हणजे मेजर लीग, आणि तिच्या क्लबांची तरणी पोरं जिथे वर्षानुवर्षं खेळत तयार होतात ती मायनर लीग. नावं छापत नाहीये, फक्त वस्ती लिहिलीय.

प्रश्न: मॅडम, मुलगा १५ वर्षांचा आहे, उंच आहे, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि क्रिकेटमध्ये पण फास्ट टाकतो. सगळे म्हणतात ह्याला अमेरिकेत पाठवा. तिथे कसं घेतात, आणि वर पोचायला किती वर्षं लागतात? एक जण ट्रायल करवून देतो म्हणून पन्नास हजार मागतोय. — एक बाबा, राजेंद्रनगर

उत्तर: दादा, शेवटचं आधी सांगते, ते पैसे देऊ नका. मेजर लीगच्या क्लबला मुलगा हवा असेल तर क्लब त्याला पैसे देतो, त्याच्या बापाकडून घेत नाही.

आता कसं घेतात ते. तिकडे दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवीन मुलं निवडतात, पण तो अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोच्या मुलांसाठी. बाकी जगातल्या मुलाशी क्लब थेट करार करतो आणि त्यासाठी मुलगा कमीत कमी १६ चा लागतो. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलाची शेकडो पोरं अशीच येतात. मग पायऱ्या सुरू होतात. सगळ्यात खाली रूकी, म्हणजे नवख्यांची लीग, ती ॲरिझोना, फ्लोरिडा आणि डॉमिनिकनमध्ये चालते, वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर. क्लब ३०, प्रत्येकाच्या ह्या वरच्या चार पायऱ्यांवर एकेक टीम, म्हणून २०२१ पासून अशा १२० टीम आहेत, आधी १६० होत्या. म्हणजे जागा कमी झाल्यात हे पण लक्षात घ्या.

किती वर्षं ह्याचं एक उत्तर नाही. अल्बर्ट पुहोल्स १९९९ च्या ड्राफ्टमध्ये तेराव्या राउंडला घेतला गेला, २००० चं एक वर्ष मायनरमध्ये काढलं आणि २००१ ला सरळ मेजरमध्ये रूकी ऑफ द इयर. पण असा एखादाच. चार-पाच वर्षं लागणं नेहमीचं आहे आणि बहुतेक मुलं पोचतच नाहीत, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. मायकल जॉर्डन तुम्हाला माहीत असेल, बास्केटबॉलचा, तो १९९४ मध्ये एक सीझन डबल-ए मध्ये बर्मिंगहॅमकडून खेळला, जगातला एवढा मोठा ॲथलीट, आणि बॅटिंग ॲव्हरेज आलं .२०२, म्हणजे साधारण पाचातून एकदाच हिट, आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, ११४ वेळा. डबल-ए ही काय चीज आहे ते त्यावरून समजा.

आपल्याकडचे दोघं तर तुम्हाला आठवतच असतील, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले. २००८ मध्ये मिलियन डॉलर आर्म नावाची वेगात बॉल फेकायची स्पर्धा झाली, तिथून ते निवडले गेले, टॉम हाऊस नावाच्या कोचने त्यांना काही महिने कॅलिफोर्नियात शिकवलं आणि नोव्हेंबर २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. बेसबॉल त्यांनी त्याआधी कधी खेळलंच नव्हतं! २००९ ला रूकी लीगमध्ये उतरले. दिनेशला २०१० मध्ये सोडलं, रिंकू २०१२ पर्यंत सिंगल-ए ला पोचला, मग दुखापतींनी त्याचा खेळ थांबला. लोक म्हणतात फेल झाले. मला तसं अजिबात वाटत नाही. ज्या खेळाचे नियम विसाव्या वर्षी शिकायला घेतले त्यात चार वर्षांत सिंगल-ए, हे फार मोठं आहे. तुमचा मुलगा १५ ला नियम जाणतो, ग्लव्ह वापरतो, म्हणजे त्या दोघांच्या पुढे आहे. त्याला आत्ता पाठवायची घाई करू नका, इथेच तीन वर्षं नीट खेळू द्या. आणि एक काम लगेच करा, तो आठवड्यात एकूण किती बॉल टाकतो, बेसबॉल आणि क्रिकेट मिळून, ते मोजा. का, ते खालच्या उत्तरात आलंय.

प्रश्न: मी ८१ वर्षांचा आहे. आमच्या वडिलांकडून इंदूरच्या होळकर क्रिकेट टीमच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. सी. एस. नायडू दिवसदिवस बॉलिंग करायचे. आता बेसबॉल खेळणारा नातू म्हणतो ८० बॉल झाले की कोच थांबवतात. हे जास्त लाड नाहीत का? — एक आजोबा, लोकमान्यनगर

उत्तर: आजोबा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण नायडूंची एक मॅच मला पण तोंडपाठ आहे. १९४४-४५ ची रणजी फायनल, मुंबईच्या ब्रेबॉर्नवर, होळकर विरुद्ध मुंबई, आपल्याकडून डेनिस कॉम्प्टन २४९ नाबाद, आणि सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ बॉल टाकले, ४२८ रन देऊन ११ विकेट. एका फर्स्ट क्लास मॅचमध्ये इतके बॉल दुसऱ्या कुणी टाकलेले नाहीत. तरी आपण हरलो, ते जाऊ द्या.

पण आजोबा, ते लेगस्पिनर होते, पूर्ण वाढलेला माणूस, आणि क्रिकेटमध्ये बॉल टाकताना वाकलेलं कोपर झटक्याने सरळ करता येत नाही. बेसबॉलच्या पिचरचं उलट आहे, कोपर वाकलेलं असतं, हात मागे जातो आणि मग पूर्ण ताकदीने झटक्यात उघडतो, दर बॉलला, ६० फूट ६ इंचांवरून, आणि त्या झटक्याचा सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर येतो. ते फाटलं की ऑपरेशन. पहिलं १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर केलं म्हणून त्याला टॉमी जॉन सर्जरीच म्हणतात, शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवतात, आणि परत पिचिंग करायला साधारण वर्ष ते दीड वर्ष जातं.

स्टीफन स्ट्रासबर्गचं बघा. २००९ च्या ड्राफ्टमधला पहिल्या नंबरचा मुलगा, जून २०१० ला पहिल्याच मॅचमध्ये १४ स्ट्राइकआउट, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही सर्जरी. २०१२ मध्ये त्याच्या वॉशिंग्टन क्लबने त्याला सीझनमध्ये १५९ इनिंग (बेसबॉलच्या एका मॅचमध्ये नऊ असतात) झाल्यावर घरी बसवला, टीम प्लेऑफला चालली होती तरी. लोकांनी खूप नावं ठेवली. २०१९ ला तोच मुलगा वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजरच्या फायनलचा, एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) झाला. त्याचं शरीर पुढे पुन्हा पुन्हा दुखावलं हे पण खरं, म्हणजे मोजूनही सगळं वाचतं असं नाही. पण न मोजता काय होतं ते मी स्वतः बघितलंय.

खूप वर्षांपूर्वी मी एका शाळेत शिकवायचे, एक १४ वर्षांचा मुलगा होता, हसतमुख, सांगाल ते करणारा. जिल्ह्याची स्पर्धा होती, दोन दिवसांत तीन मॅच, आणि दुसरा पिचर नव्हता म्हणजे होता पण माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. तिन्ही मॅच मी ह्यालाच टाकायला लावल्या, मधल्या वेळात तो कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून बॉल पकडणारा, पण होता. तिसऱ्या मॅचला त्याने दोनदा कोपर चोळलं आणि मी विचारलं "दुखतंय का रे", तो म्हणाला "नाही मॅडम". मी त्यावर विश्वास ठेवला कारण मला ठेवायचा होता. आम्ही जिंकलो. त्यानंतर त्याने कधी नीट थ्रो केला नाही. दहावीला होता तेव्हा वर्गात फळ्यावर लिहिताना हात खाली घ्यायचा, ते मला अजून दिसतं. चूक त्याची नव्हती, स्पर्धेची पण नव्हती, माझीच होती.

म्हणून लाड नाहीत हे आजोबा. २०१४ मध्ये मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने मिळून पिच स्मार्ट नावाचे नियम काढले, त्यात ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच, १३ ते १६ ला ९५, आणि १७-१८ ला १०५. नुसतं तेवढंच नाही, १३-१४ च्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. पिचरने पिचिंग करत नसताना कॅचर होणं टाळायचं. आणि वर्षातले चार महिने हात पूर्ण आराम, त्यातले दोन-तीन तरी सलग. नातवाच्या कोचला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: माझा भाचा न्यू जर्सीला असतो, १८ चा आहे, शाळेकडून चांगला खेळतो आणि ड्राफ्टमध्ये नाव येईल असं म्हणतात. ताई म्हणते कॉलेज, जिजाजी म्हणतात करार. कुणाचं बरोबर? — एक मावशी, सुदामानगर

उत्तर: ताईंचं, माझ्या मते, जर पैसे खूप मोठे मिळत नसतील तर. २०२१ पासून ड्राफ्ट २० राउंडचा आहे, वरच्या राउंडची मुलं सही करतानाच आयुष्यभराचं कमावतात, खालच्यांचं तसं नसतं. पगार बघा, २०२३ मध्ये मायनरच्या खेळाडूंचा पहिला युनियन करार झाला, तेव्हा सिंगल-ए चं वर्षाचं कमीत कमी ११,००० डॉलरवरून २६,२०० झालं आणि ट्रिपल-ए चं १७,५०० वरून ३५,८००. त्याच वर्षी मेजरमध्ये कमीत कमी ७,२०,००० होतं! राहायची सोय २०२२ पासून क्लब करतात, आधी पोरं एका फ्लॅटमध्ये गादीवर गादी टाकून राहायची.

एक नियम जिजाजींना सांगा, चार वर्षांच्या कॉलेजला गेला तर तिसरं वर्ष होईपर्यंत किंवा २१ चा होईपर्यंत परत ड्राफ्टमध्ये येता येत नाही. उशीर होईल ही भीती मला समजते. पण जेकब डिग्रॉम कॉलेजात जास्त करून शॉर्टस्टॉपला, म्हणजे फील्डर म्हणून, खेळायचा, पिचर नंतर झाला, २०१० ला नवव्या राउंडला घेतला, मग टॉमी जॉन सर्जरी, आणि २०१४ ला, म्हणजे २६ व्या वर्षी, रूकी ऑफ द इयर. आणि करारच करायचा ठरला तर त्यात पुढच्या कॉलेजच्या खर्चाची अट लिहून घ्या, क्लब ती देतात, फक्त खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत कॉलेज सुरू करावं लागतं. सही करायच्या आधी घ्या, नंतर कोणी देत नाही.

प्रश्न: मी १३ वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते. मायनर लीगमध्ये मुली असतात का? — आठवीतली मुलगी, तिलकनगर

उत्तर: बेटा, मेजरच्या क्लबांच्या मायनर टीममध्ये खेळाडू म्हणून अजून मुलगेच असतात. पण २०२२ मध्ये रेचल बाल्कोवेक यांना यँकीज क्लबने टँपाच्या सिंगल-ए टीमचं मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, केलं, असं काम करणाऱ्या त्या पहिल्या बाई, आणि त्या स्वतः आधी सॉफ्टबॉल खेळायच्या, कॅचर होत्या. त्याच वर्षी केल्सी व्हिटमोर ॲटलांटिक लीगमध्ये, जी क्लबांपासून वेगळी पण पगारी लीग आहे, मुलांच्या बरोबरीने खेळली. तू खेळत राहा आणि मला परत लिही, नक्की.

प्रश्न: मी सरकारी शाळेत खेळ शिकवतो. ग्लव्ह आठ, मुलं बावीस. मायनर लीगवाल्यांकडून आमच्यासारख्यांनी काय घ्यावं? — एक सर, इंदूर

उत्तर: सर, त्यांच्याकडे कॅमेरे, रडार सगळं आहे, ते सोडून द्या. त्यांची एक सवय घ्या, लिहून ठेवायची. स्काउट, म्हणजे क्लबसाठी मुलं शोधणारे लोक, मुलाला २० ते ८० मध्ये मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, आणि बॅटिंग, ताकद, धावणं, फील्डिंग, थ्रो ह्या पाचही गोष्टींना वेगवेगळे. म्हणजे "पोरगं चांगलंय" असं कोणी म्हणत नाही, काय चांगलंय ते म्हणतात. तुम्ही दहापैकी द्या, पण पाच रकाने करा आणि दर तीन महिन्यांनी परत भरा, तेव्हाच कळतं कोण वाढतोय. आजचा मार्क बघून मुलगा काढून टाकू नका. होसे अल्टुव्हेला उंचीमुळे पहिल्या दिवशी ट्रायलमधून परत पाठवलं होतं, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, २००७ मध्ये ह्यूस्टनने १५,००० डॉलरला घेतला, ५ फूट ६ इंच, २०१७ चा एमव्हीपी.

दुसरं, जागा बदलून बघा. केनली यान्सेन मायनरमध्ये कॅचर होता, बॅटिंग जमेना, पण हात जबरदस्त, क्लबने त्याला पिचर केला आणि तो मेजरचा नावाजलेला क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन मॅच संपवणारा पिचर, झाला. तुमच्या बावीसमध्ये भालाफेकवाला किंवा गोफण मारणारा एखादा बाजूला बसलेला असेलच.

पिचरला आधी सरळ फास्टबॉल, मग चेंजअप (तशाच ॲक्शनने टाकलेला हळू बॉल), आणि ते दोन्ही हवं तिथे पडायला लागले की मग कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल. मुलं यूट्यूब बघून कर्व्हच मागतात, देऊ नका. आणि पिचर दोन नाही, चार तयार करा, मी केलं नाही ते. बाउंड्रीवर ज्या मुलाला ग्लव्ह मिळत नाही त्याच्या हातात वही द्या, दर पिचला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. मी रविवारी सकाळी चिमणबागेला असते, वही घेऊन या, रकाने कसे आखायचे ते दाखवते.