राजदूत राहिलेला माणूस विद्यापीठात केंद्र चालवतो, ही घसरणच ना?

तुमचा प्रश्न असा: क्लोव्हिस मक्सूद अरब लीगचे, म्हणजे अरब देशांच्या संघटनेचे राजदूत होते, नंतर वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत प्राध्यापक आणि 'ग्लोबल साउथ' (म्हणजे विकसनशील देश) केंद्राचे संचालक झाले; ही करिअरची घसरण नाही का, आणि अशा वाटेला जावं का?

'घसरण' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. माझ्या दादाने मला हाच शब्द ऐकवला होता.

आधी मक्सूद. जन्म 1926, ओक्लाहोमातल्या ब्रिस्टो गावी, आईवडील लेबनीज. बैरूतला पदवी, वॉशिंग्टनला कायदा, पुढे ऑक्सफर्ड. 1961 ते 1966 ते दिल्लीत अरब लीगचे राजदूत होते. म्हणजे चीनचं युद्ध, नेहरूंचं जाणं, पासष्टचं युद्ध, सगळं त्यांच्या तिथल्या मुक्कामात झालं. अलिप्ततावाद त्यांनी नुसता पुस्तकात वाचलेला नव्हता. मग पत्रकारिता, कैरोत 'अल-अहराम' या वृत्तपत्रात. 1979पासून संयुक्त राष्ट्रांत आणि अमेरिकेत अरब लीगचे प्रतिनिधी. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत गिळलं, अरब देश आपसात फाटले आणि त्यांनी राजीनामा दिला. केंद्र आलं ते त्यानंतर.

तुम्ही याला घसरण म्हणता. मला विचाराल तर त्या माणसाची उंची त्या राजीनाम्यापासून मोजावी.

मी एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात सात वर्षं स्त्री अभ्यास केंद्राची समन्वयक होते. ग्रंथालयामागची एक खोली, एक लोखंडी कपाट, आणि अनुदानाचा हप्ता आला तर मार्चमध्ये, तोही एकतीस तारखेच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. त्या खोलीत आम्ही मुलींना हक्कसोडपत्र, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद, वाचायला शिकवायचो. लग्न ठरलं की भाऊ कागद पुढे करतो, 'इथे सही कर' म्हणतो, आणि बहीण करून मोकळी होते. मी प्रत्येक तुकडीला एकच सांगायची: गट नंबर, क्षेत्र, शेवटचा परिच्छेद वाचल्याशिवाय पेन उघडायचं नाही.

मग नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. कार्यालयातून यादी आली, केंद्राचे बारा कार्यक्रम. त्यातले पाच झालेच नव्हते. मला सांगण्यात आलं की वसतिगृहातल्या मुलींना बोलवा, हजेरीपटावर सह्या घ्या, फोटो जुने चालतील. त्याच मुली! मी दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी समन्वयकपदाचा राजीनामा टाइप करून दिला आणि कपाटाची किल्ली त्यासोबत ठेवली.

दादा तहसील कार्यालयात अव्वल कारकून. तो म्हणाला, "खुर्ची गेली की कुत्रं विचारत नाही. घसरलीस तू." आईसमोर म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

मक्सूद यांच्या घरात आणखी एक माणूस होतं, ते तुमच्या प्रश्नात आलंच नाही. त्यांच्या पत्नी हाला सलाम मक्सूद. जॉर्जटाउनच्या डॉक्टरेट, आणि 1996 ते 2001 अमेरिकन-अरब भेदभावविरोधी समितीच्या अध्यक्ष. ही संघटना 1980मध्ये माजी सिनेटर जेम्स अबुरेझ्क यांनी काढली. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने आपली माणसं नकली अरब शेख बनवून लाचखोर पुढाऱ्यांसाठी सापळा लावला होता, त्याचा राग त्यामागे होता. 1985मध्ये तिच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यालयात बॉम्ब फुटला आणि तिथले प्रमुख ॲलेक्स ओदेह गेले. अशा संघटनेची धुरा हालाबाईंनी घेतली. 2002मध्ये त्या वारल्या, मक्सूद 2016मध्ये. विद्यापीठातलं केंद्र, रस्त्यावरची संघटना आणि राजनय ही तिथे एकाच कामाची तीन दारं होती. ज्याला फक्त पद दिसतं त्याला त्यातलं एकच दिसणार.

हेही सांगायला हवं की मक्सूद यांच्याकडे नाव होतं, ओळखी होत्या, जन्माने अमेरिकी नागरिकत्व होतं. आणि मीसुद्धा फक्त समन्वयकपद सोडलं होतं, अध्यापिकेचा पगार चालू होता. पगार नसता तर तिसऱ्या दिवशी राजीनामा टाइप केला असता का, हे मी छातीठोक सांगणार नाही. तेव्हा पोटाची सोय आधी बघा. केंद्रसंचालकाचा अर्धा वेळ पैसे गोळा करण्यात आणि अहवाल लिहिण्यात जातो, हेही धरून चाला.

दादा 2019मध्ये निवृत्त झाला. त्याची खुर्ची नियमाने गेली, माझी मी सोडली. मला तो फरक त्याला अजून समजावता आलेला नाही. मी शनिवारी दुपारी गावच्या समाजमंदिरात हक्कसोडपत्राचा वर्ग घेते. गेल्या महिन्यात त्याचीच सून कागद घेऊन आली होती, माहेरचा. आम्ही तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिने सही केली नाही.

तुम्हाला या वाटेला जायचंच असेल तर आधी कायदा शिका. मक्सूदही तो शिकले होते.