वर्गात तीच तीन-चार मुलं उत्तरं देतात. बाकीच्यांना बोलतं करायला प्रश्न कसे विचारावेत?

तुम्ही लिहिलंय की आठवीच्या वर्गावर नवीन आहात, प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरचे ठरलेले हात वर येतात आणि बाकीचा वर्ग माना खाली घालतो. खाली काहींनी "ग्रामीण मुलं बुजरीच असतात" असं उत्तर दिलंय. ते वाचून राहवलं नाही. मधल्या सुट्टीत त्याच मुलांचा आवाज ऐका आणि मग बुजरी म्हणा. खोट प्रश्नांत असते. "कृष्णेचा उगम कुठे? महाबळेऽऽ..." आणि वर्ग ओरडतो "श्वरलाऽऽ". याला सहभाग म्हणायचं असेल तर पाढे म्हणण्यालाही चर्चा म्हणावं लागेल.

मी मिरज तालुक्यात नदीकाठच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. २०१९ च्या पुरानंतरची गोष्ट. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. दिवाळीनंतर नववीला नदीचा पाठ घेतला. फळ्यावर कृष्णा काढली, आयर्विन पूल दाखवला, त्याच्या खालच्या अंगाला हरिपूर, आणि हरिपूरला येऊन मिळणारी वारणा. मग विचारलं, "वारणा पुलाच्या खाली मिळते. तरी वारणेला पूर आला की पुलापाशी पाणी का चढतं?"

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाचा हात लगेच वर. "मॅडम, अलमट्टीमुळे!" अलमट्टी म्हणजे कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण, टीव्हीवर ऐकलेलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "अलमट्टी घडीभर बाजूला ठेव. फक्त सांगली ते हरिपूर बघ." सगळ्यांना सांगितलं की वहीत एक ओळ लिहा, चुकली तरी चालेल, मग शेजारच्याची वाचा. आणि मी खडू ठेवून गप्प उभी राहिले.

त्या तासाला पर्यवेक्षक सर मागे बसले होते. मी गप्प झाल्यावर ते खुर्चीत चुळबुळ करू लागले, मग घड्याळ बघू लागले. मी हलले नाही.

शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वर्षभर तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकलेला. तिच्या वहीवर काहीतरी चाललेलं दिसलं म्हणून नाव घेतलं. ती उभी राहून म्हणाली, "आमच्या मळीजवळ ओढा नदीला मिळतो. नदी चढली की ओढ्याचं पाणी पुढं जात न्हाई, माघारी उसात शिरतं. आमच्याकडं पाऊस नसला तरी शिरतं." मी विचारलं, "मग ओढा म्हणजे इथे कोण?" ती फळ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "कृष्णा. आणि वारणा नदीच्या जागी."

मग अख्खा वर्ग बोलू लागला. पाणी उलटं वाहतं की नुसतं तुंबतं यावर दोन तट पडले. पुढं वाट अडली की मागचं पाणी निचरत नाही आणि पातळी वर सरकते, हे मुलांनीच भांडून ठरवलं. मी शेवटी फक्त 'फुगवटा' हा शब्द फळ्यावर लिहिला.

सरांचा लॉगबुकातला शेरा: "बराच वेळ शांतता. प्रतिसाद कमी. पाठ अपूर्ण." स्टाफरूममध्ये वर म्हणाले, "मॅडम, अख्ख्या तासाला एक प्रश्न? मी पंचवीस विचारतो." मी म्हटलं, "सर, तुमच्या पंचविसांची उत्तरं पुस्तकात अधोरेखित असतात." त्यांना ते झोंबलं. पण मी आजही तेच म्हणते.

त्यांना आकडे आवडायचे, म्हणून एक आकडा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबत, जास्त मुलं बोलत, मागे पडलेली मानलेली मुलंसुद्धा, आणि गप्प राहणं कमी होई. थांबायच्या जागा दोन, एक प्रश्नानंतर आणि दुसरी उत्तरानंतर. दुसरी बहुतेकजण विसरतात. मुलानं तोंड मिटायच्या आत "शाब्बास" म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथंच बंद पडतो. त्या शांततेत सगळी डोकी चालू असतात. तिला "प्रतिसाद कमी" म्हणणाऱ्यानं पुढच्या वेळी मागे बसण्याऐवजी वह्यांवरून नजर फिरवावी.

तुमच्यासाठी सांगायचं तर हात वर करायला लावणं काही दिवस बंदच करा. प्रश्न आधी, नाव नंतर. नाव आधी घेतलंत की उरलेला वर्ग सुटला. "समजलं का?" विचारू नका, त्याला "हो"शिवाय उत्तरच नसतं. "माहीत नाही" म्हणणाऱ्याला खाली बसवून विसरू नका, दोघांची उत्तरं ऐकून परत त्याच्याकडे या आणि "तुला कुणाचं पटतं?" विचारा. आणि प्रश्न असा शोधा ज्याचा पुरावा मुलांच्या घरी, रानात, गोठ्यात आहे. तुमच्याकडे नदी नसेल तर विहीर असेल, हळद शिजवणं असेल, बेदाण्याचं शेड असेल.

हे सगळीकडे चालतं असं मात्र नाही. पाढे, व्याख्या, उजळणी यांना झटपट प्रश्नच बरे, तिथं सरांची पद्धत योग्य. अडखळत बोलणाऱ्या मुलाचं नाव अचानक पुकारू नका, त्याची वही तुम्ही वाचून दाखवा. सत्तरच्या वर पट असेल तर सगळे एका तासात बोलणार नाहीत, जोडीत बोलले तरी पुष्कळ. आणि एखादा पाठ मागे पडतो. मी तो जादा तासाला भरून काढते.

मोठा प्रश्न पाठ टाचणातच लिहून ठेवा, त्यापुढे "विचारासाठी वेळ, वहीत लेखन" असंही लिहा. कुणी शांततेवर शेरा मारला तर टाचण पुढं करा आणि त्या वेळी लिहिलेल्या वह्याही सोबत ठेवा. माझ्याकडे तेव्हा वह्या होत्या, टाचणात ती ओळ नव्हती आणि सरांनी तेवढंच धरलं.