हम कुठून येतो, ते आधी कानाला विचारा

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. गेले वर्षभर सुटीच्या दिवशी बसून मी गिटारसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तयार केला आहे. त्यात सिग्नल वाढवणारा एक १२एएक्स७ आणि स्पीकर चालवणारा एक ६व्ही६ व्हॉल्व्ह आहे. ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्टचा आहे आणि एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला १एन४००७ डायोड लावले आहेत. व्हॉल्व्ह तापले की हम, म्हणजे सलग गुणगुणणारा आवाज, सुरू होतो आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जात नाही. १२एएक्स७ काढून पाहिला, तेव्हा तो कमी झाला, पण थांबला नाही. मोबाइलवरचे आवाजाचा आलेख काढणारे अ‍ॅप १०० हर्ट्झला मोठा आणि ५० हर्ट्झला लहान सुळका दाखवते, मात्र सर्किटच्या ज्या अमेरिकी नकाशावरून काम केले त्याच्या टिपांत १२० हर्ट्झचा उल्लेख आहे. २२ मायक्रोफॅरडचे दोन्ही फिल्टर कंडेन्सर बदलूनही फरक पडला नाही. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना हम फारच वाढतो, आणि प्लगची अर्थची पिन काढली की बराच उतरतो. असेच वापरत राहिले तर चालेल का? आतल्या जोडणीचा फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबवून ठेवण्यासारखे नाही. चालणार नाही. अर्थची पिन आजच परत बसवा आणि ती बसेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर लावू नका. गिटारच्या तारा केबलच्या जाळीमार्फत चासीला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मरच्या आत किंवा स्विचपाशी फेजची तार चासीला टेकली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो. अर्थ नसताना तेच २३० व्होल्ट तुमच्या बोटांखालच्या तारांवर येऊन थांबतात आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. घर जुने असेल तर बोर्डावरची अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते की नाही, हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

पिन काढल्यावर हम उतरतो, यातून मात्र एक उपयोगाची गोष्ट कळते. लॅपटॉपचा चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघेही अर्थला जोडलेले आहेत आणि मधली ऑडिओची केबल त्या दोन अर्थांना पुन्हा एकमेकांशी जोडते, त्यामुळे एक बंद वाट तयार होते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. तेवढ्याने हम उतरला, तर हा हम अ‍ॅम्प्लिफायरचा नव्हे, त्या वाटेचा आहे, हे नक्की समजा. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावावीत आणि तरीही राहिला, तर ऑडिओच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तोडायची असेल तर सिग्नलची वाट तोडावी, सुरक्षेची नव्हे.

आता लॅपटॉप, गिटार सगळे काढल्यावरही उरणाऱ्या हमकडे वळू. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे ५०. दोन डायोडांचा फुल-वेव्ह रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनात दोनदा कंडेन्सर भरतो, म्हणून तिकडचा रिपल, म्हणजे डीसी पुरवठ्यात उरलेला चढउतार, १२० हर्ट्झचा आणि आपला १०० हर्ट्झचा. तुमचे अ‍ॅप बरोबरच सांगते आहे. ते नसते तरी हे कानाला कळले असते. गिटार नीट सुरात लावून, अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता, सर्वांत जाड तारेवरचा तिसरा पडदा दाबून वाजवा. तो स्वर ९८ हर्ट्झचा असतो. १०० हर्ट्झच्या हमशी तो जवळजवळ मिळतो, पण पूर्ण मिळत नाही, आणि तंबोरा लावताना दोन तारांमध्ये ऐकू येतो तसा सेकंदाला साधारण दोनदा हेलकावा ऐकू येतो. हम त्याच्या एक सप्तक खालचा वाटला, तर तो ५० हर्ट्झचा. हा प्रयोग रात्री, आसपासचे यंत्रमाग बंद झाल्यावर करावा. मी स्वतः मागांच्या शेजारी राहत असताना दिवसा ऐकून दोनदा चुकीचा निष्कर्ष काढला आहे.

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन्ही स्वर आहेत, म्हणजे दोष किमान दोन आहेत. कंडेन्सर बदलून काही न होण्याचे कारणही यातच आहे. जुने कंडेन्सर बिघडलेले नव्हते, त्यांची क्षमताच कमी होती. ६व्ही६ आणि १२एएक्स७ मिळून सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह ओढतात, असे धरू. या प्रवाहाला १०० हर्ट्झ आणि २२ मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागले, की पहिल्या कंडेन्सरवरचा रिपल २० व्होल्टच्या वर निघतो. प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो, तरीही दोन आउटपुट व्हॉल्व्हच्या पुशपुल जोडणीत आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये जसा दोन बाजूंचा रिपल एकमेकाला खोडतो, तशी सोय एकट्या ६व्ही६ला नाही.

पहिला कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा घ्या. डायोड असल्याने एवढी वाढ सोसते. ५वाय३सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असता, तर मी हा सल्ला दिला नसता, कारण मोठा कंडेन्सर भरताना बसणारा प्रवाहाचा धक्का त्याला झेपत नाही. त्यापुढे २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आणि आणखी एक ४७ मायक्रोफॅरड घालून आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा तिथून घ्या. सुमारे ११ व्होल्ट कमी होतील, पण रिपल सहाव्या हिश्शावर येईल. रेझिस्टरऐवजी १० हेन्रीचा, किमान ८० मिलिअँपिअर पेलणारा चोक (लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी) मिळाला तर फारच उत्तम. १०० हर्ट्झला त्याचा अडथळा सहा हजार ओहमच्या वर असतो आणि रिपल शंभर पटींहून अधिक घटतो. कंडेन्सर १०५ अंश तापमान सोसणारेच घ्यावेत. फोटोत तुमचा कंडेन्सर कॅथोडच्या तापणाऱ्या रेझिस्टरला जवळजवळ चिकटलेला दिसतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा बंद चासीच्या आत त्याचे आयुष्य फार लवकर संपेल.

१२एएक्स७ काढल्यावर कोणता सुळका जातो, तेही पाहा. माझ्या अंदाजाने ५० हर्ट्झचा जाईल, कारण फिलामेंटला, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला, वीज देणाऱ्या तुमच्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगचे एक टोक सरळ चासीला जोडलेले दिसते. ते सोडवा, दोन्ही टोकांपासून चासीपर्यंत १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावा आणि फिलामेंटच्या तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन, कोपऱ्याकोपऱ्याने, ग्रिडच्या, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये सिग्नल नेणाऱ्या, तारेपासून दूर न्या.

फोटोतली सर्वांत महत्त्वाची चूक मात्र वेगळीच आहे. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपची, म्हणजे २५०-०-२५० मधल्या शून्याची, लाल-पिवळी तार आणि पहिल्या कंडेन्सरचे ऋण टोक, दोन्ही तुम्ही इनपुट जॅकच्या नटाखाली दाबले आहेत. जागा सोयीची होती, हे दिसते. पण कंडेन्सर भरताना प्रवाहाचे जे तीव्र झटके वाहतात, ते आता सर्वांत नाजूक सिग्नलच्या पायाखालून जातात, आणि त्याने गुळगुळीत हमऐवजी कडांचा, खरखरीत आवाज येतो. अ‍ॅपवर २०० आणि ३०० हर्ट्झलाही सुळके दिसत असतील. कंडेन्सरचे ऋण टोक प्रथम थेट मधल्या टॅपला जोडा आणि त्या जोडापासून एकच तार पुढच्या ग्राउंडकडे न्या. १२एएक्स७चे ग्राउंड त्याच्याच फिल्टर कंडेन्सरपाशी एकत्र करा. जॅकला प्लॅस्टिकचे वॉशर घालून तो चासीपासून वेगळा करा आणि ग्राउंड चासीला एकाच ठिकाणी टेकवा. अर्थची हिरवी तार मात्र तिच्या स्वतंत्र बोल्टावर, घट्ट.

हे सर्व करण्यापूर्वी प्लग काढून १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी पहिल्या कंडेन्सरवर १५ सेकंद लावा, मग प्रत्येक कंडेन्सरवर मीटर धरून व्होल्टेज १० च्या खाली आल्याची खात्री करा. प्लग काढल्यानंतरही त्यात तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. पहिल्या कंडेन्सरवर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका, म्हणजे तो आपोआप रिकामा होत जाईल. तरी मीटर लावल्याशिवाय हात घालू नका.

कामाचा क्रम ग्राउंड, मग फिलामेंट आणि शेवटी कंडेन्सर असा ठेवा, आणि प्रत्येक बदलानंतर अ‍ॅपवरचे आकडे वहीत लिहून ठेवा. एवढे करूनही हम उरला, तर वीज बंद करून, कंडेन्सर रिकामे करून ६व्ही६ काढा आणि पुन्हा चालू करून स्पीकरला कान लावा. व्हॉल्व्हशिवायही आवाज येत असेल, तर दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांच्या चुंबकीय क्षेत्रात आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नव्वद अंशांत फिरवून बसवावा लागेल. चासीला नवी भोके पाडावी लागतील, म्हणून ते काम शेवटी.